वरळी बीडीडी: कोलाज पोर्ट्रेटच्या नोंदी

९ जून २०२५

कामाला नाव नंतर देऊ. स्वरूप असं: वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींतल्या माणसांची डिजिटल कोलाज पोर्ट्रेट. एका माणसाचं एक चित्र. त्यात त्याची खोली, त्याचं काम, गाव, भिंतीवरचे फोटो, ट्रंकेतले कागद.

साधी पोर्ट्रेट मी इथे आधी काढली आहेत आणि समाधान झालेलं नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत कॅमेरा घेऊन उभं राहिलं की एक तर माणूस येतो, नाहीतर खोली. वाइड लेन्स लावावी तर माणसाचं नाक पुढे येतं आणि खोली हॉलएवढी दिसते, म्हणजे दोघांवरही अन्याय. कोलाजमध्ये ही अडचणच राहत नाही. माणूस ८५ एमएम लेन्सने वेगळा घ्यायचा, खोली तुकड्यातुकड्याने घ्यायची आणि दोन्ही एका कॅनव्हासवर आणायचं.

उजेडाचं आताच ठरवून टाकलं. या चाळींत मधे पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एका मजल्यावर २०, तळमजला अधिक तीन मजले, म्हणजे चाळीत ८० खोल्या. पॅसेज भरदुपारीही अंधारा, फक्त टोकाला उजेड. माणसांचे सगळे फोटो त्या टोकाला, उजेड माझ्या डाव्या हाताला ठेवून घ्यायचे. खोलीतले तुकडेही डाव्या उजेडातच. हे पाळलं नाही तर पुढे चेहरा एका जगातला आणि हात दुसऱ्या जगातला दिसतो. मग कितीही मास्किंग करा, म्हणजे कडा झाका, जोड लपत नाही.

१७ जून

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात. प्रिंट होईपर्यंत कधीही नाव काढून घेता येईल, हे सर्वांत वर लिहिलं. एका पोलीस कुटुंबाने वाचलं, चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. ठीक.

पद्धत ठरवली. स्क्रीनवर मांडणी करायची नाही. प्रत्येकाचे फोटो आणि वस्तू आधी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून साध्या कागदावर लहान-मोठ्या आकारात काढून आणायच्या, कात्रीने कापायच्या आणि त्या माणसासमोर चटईवर पसरायच्या. कोण कुठे, किती मोठं, कशाच्या मागे, हे त्याने हाताने लावायचं. मी वरून फोटो घेऊन तो फोटोशॉपमध्ये खालच्या लेयरला (थराला) ठेवणार आणि त्यावरच काम करणार. लॅपटॉप उघडला की माणसं मान डोलवायला लागतात, 'तुला कळतंय ते कर' म्हणतात. कागद हातात असला की भांडतात. मला भांडण हवं आहे.

२४ जून

पहिले काका. वय ऐंशीच्या पुढे, गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणाईत होते. गिरणीच्या आतला एकही फोटो त्यांच्याकडे नाही. "कॅमेरा कोण आत नेऊ देतंय? डबासुद्धा उघडून बघायचे." फोटो नाही, पण धोटा आहे, मागावर आडवा धागा नेणारा. गोदरेजच्या कपाटात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. दोन्ही टोकांना लोखंडी बोंडं, मधल्या पोकळीत धाग्याची कांडी बसवायची जागा. एका कडेला लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की त्यात ट्यूबलाइट दिसते. रोज बोट तिथेच लागायचं, म्हणाले.

धोटा फ्लॅटबेड स्कॅनरवर थेट ठेवून स्कॅन केला. यासाठी आत भिंग असलेला जुना सीसीडी स्कॅनरच लागतो. हल्लीचे पातळ स्कॅनर काचेला चिकटलेलं तेवढंच नीट घेतात, चार मिलिमीटर वर गेलं की सगळं धूसर. सीसीडीने लाकडाच्या रेषा, तेलाचा डाग, लोखंडावरचे ओरखडे, सगळं आणलं.

चटईवर मांडणी करताना काकांनी स्वतःचा कागद उचलला, धोट्याचा सर्वांत मोठा झेरॉक्स उचलला आणि धोटा आडवा टाकून स्वतःला त्याच्या वर, मागे ठेवलं. छातीपासून खाली धोटाच. मी विचारलं, इतका मोठा? "मग? मी त्याच्यामुळे. तो माझ्यामुळे थोडाच?" सूनबाई म्हणाल्या, होडीत बसल्यासारखे दिसताय. काकांना ते आवडलं, तसंच राहिलं.

गिरणी संपाचा विषय निघालाच. १८ जानेवारी १९८२. "तो संप कुणी मागे घेतलाय का? घेतलेला नाही. म्हणजे मी आजही संपावर आहे." तारीख चित्रात घालायची का, विचारलं. नको म्हणाले. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मात्र घाल, तारखा वाचता येणार नाहीत अशी.

६ जुलै

आषाढी. अर्धी चाळ उपासाला, फोटोला कुणी बसेना. साबुदाणा खाऊन भिंतींचे फोटो घेतले. निळीचा चुना, त्याखाली हिरवा ऑइल पेंट, त्याखाली पिवळा. पोपडा निघाला की तिन्ही थर एका ठिकाणी सापडतात. चित्रांची पार्श्वभूमी ही असेल, म्हणजे ज्याची जी खोली, त्याचीच भिंत.

१२ जुलै

आज बरंच लिहायचं आहे.

झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या बाजूला फ्लेक्सचं काम चालतं. तिथला पोरगा पंचविशीतला असेल. वाढदिवस, दहीहंडी, नवरात्र, श्रद्धांजली, सगळं त्याच्याकडे. माझी काकांची फाइल उघडी होती, ती तो खांद्यावरून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, कटिंग चांगलंय. पण यात मेन कोण तेच कळत नाही."

मग त्याने स्वतःचा एक बॅनर उघडला आणि मला शिकवलं. सर्वांत वर पट्टी, तिथे दैवत आणि महापुरुष. त्याखाली नेते, ते डावीकडून मोठेपणाच्या क्रमाने. मधे उत्सवमूर्ती, कमरेपासून वर, बाकी सगळ्यांच्या किमान दुप्पट. खाली शुभेच्छुक, सगळे एका मापाचे. त्या ओळीत एकाचं डोकं जरा लहान झालं की रात्री दीड वाजता फोन येतो. डोक्याचं माप तो हनुवटीपासून केसांपर्यंत गाइड (मापाच्या रेघा) टाकून घेतो. हे मी कुठल्याही कलाशाळेत ऐकलं नव्हतं आणि ऐकताक्षणी पटलं. या चाळीत शेकडो माणसं रोज हीच चित्रं वाचत जगतात. कोण वर आहे, कोण कडेला गेलं, यंदा कुणाचा फोटो गळला, हे एका नजरेत ओळखतात. डिजिटल कोलाज पोर्ट्रेट इथे मी आणलेलं नाही, ते नाक्यावर टांगलेलं आहे.

आपल्याकडे कोलाज म्हटलं की बर्लिनची चित्रकार हॅना होख आठवायची, नाहीतर न्यूयॉर्कच्या हार्लेमचा चित्रकार रोमेअर बेअर्डन. बेअर्डनने १९६४ च्या सुमाराला मासिकांतले चेहरे कापून आपल्या वस्तीची चित्रं केली, ती मोठी करून भिंतीवर लावली. एकेक चेहरा चार-पाच चेहऱ्यांचा आणि हात अंगाच्या मानाने भलेमोठे. तो मला जवळचाच. चित्रकार विवान सुंदरम यांनी अमृता शेरगिलच्या घराण्याचे जुने फोटो घेऊन २००१ च्या आसपास केलेली डिजिटल मोंताजही आवडतात. पण चाळीतल्या मावशीला चित्र वाचता आलं पाहिजे, आणि मावशी वाचते ती फ्लेक्सची भाषा.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. त्याला डोक्याभोवती पिवळा ग्लो हवा. तो म्हणतो, ग्लो टाकला की उजेड कुठल्या बाजूचा आहे ते कुणी बघत नाही. बरोबर आहे. त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो येतात, कुणाचा लग्नातला, कुणाचा बाइकवरचा, आणि रात्रीतून बॅनर जायचा असतो. मला उजेड जुळवायला वेळ आहे. ग्लो नाही म्हणजे नाही.

फोटोशॉपमधलं कडा कापायचं पेन टूल मात्र तो माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालवतो, तेही माउसवर. अवघड कटिंग त्याला द्यायचं ठरलं. मोकळे केस तोही टाळतो. "ताई, मावशींना वेणी घालायला सांगा ना."

२३ जुलै

खाणावळवाल्या आत्या. खोली क्रमांक लिहीत नाही.

त्यांच्या सासूबाईंनी सुरू केलेली खाणावळ त्यांनी पुढे चालवली. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार, एका गावचे सगळे एका खोलीत, तीन पाळ्यांत आलटून-पालटून झोपणारे. त्यांचं जेवण अशा खाणावळींतून. अशाच बायकांना सावकारी कर्जातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आत्या त्यात नव्हत्या, पण "आमच्या लायनीतल्या पुष्कळ होत्या".

वही निघाली. लांबडी, लाल कापडी बांधणीची. डावीकडे नावं, पुढे महिन्याचे चौकोन. जेवला त्या दिवशी रेघ, खाडा असेल तर फुली. महिनाअखेर खाड्याचे पैसे वजा. १९८२ च्या पानांवर रेघा तशाच चालू आहेत, हिशेबाचा रकाना मात्र फेब्रुवारीपासून कोरा. पुढे नावंच कमी होत गेली आहेत. कुणी गावी गेलं, कुणी वॉचमन झालं. उधारी किती राहिली, विचारलं तर आत्या हसल्या. "जेवलेलं काढून घेता येतं का?"

पान स्कॅन करताना तेलाचा डाग मी जपला. डागामुळे कागद पारदर्शक झालाय आणि मागच्या पानावरच्या फुल्या उलट्या दिसतात. रिटचिंगमध्ये हे घालवणं म्हणजे शुद्ध गाढवपणा.

चटईवर आत्यांनी खाणावळीतल्या माणसांचे चेहरे बाजूला सारले. होतेच चार-पाच, ग्रुप फोटोतले. म्हणाल्या, "तोंडं कशाला? मी वाढताना कुठे तोंडाकडे बघत होते? हात बघायचे." कुणाचा हात ताटावर आडवा आला म्हणजे बस झालं, कुणाचा नाही आला म्हणजे अजून भाकरी. मग हात गोळा करायचं काम निघालं. म्हातारे कामगार, त्यांची मुलं, नातू, जो भेटेल त्याला पॅसेजच्या टोकाला नेऊन ताटावर आडवा हात धरायला लावला. काका आपणहून आले. "मी तिच्याकडे कधी जेवलो नाही, पण हात घे."

चित्रात आत्या मधोमध, फ्लेक्सच्या नियमाने सगळ्यांच्या दुप्पट. शुभेच्छुकांच्या ओळीत नुसते हात. फ्लेक्सवाल्याने सगळे मनगटापाशी एका मापाला आणून दिले.

१४ ऑगस्ट

आज चाळींच्या पुनर्विकासात पहिल्या टप्प्यातल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या. १६० चौरस फुटांतून ५००. माझ्या यादीतली काही घरं त्यात आहेत, पुष्कळशी नाहीत. पॅसेजमध्ये आज एकाच मजल्यावर पेढे आणि अबोला, दोन्ही.

कामाच्या दृष्टीने: जी खोली सुटणार तिथल्या भिंती, खिडकीचे गज आणि पोटमाळा आधी. माणसं नंतरही भेटतील. गजांबद्दल एका आजोबांनी सांगितलं, सत्याग्रहींना इथे कोंडलं होतं. खरं आहे. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या या चाळी तुरुंग म्हणून वापरल्या होत्या. १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या, पण कामगार राहायला येईनात, मोकळ्या पडल्या होत्या. आजोबांना गज चित्रात हवेत, पण स्वतःच्या मागे. पुढे आले तर "मीच आत गेल्यासारखा दिसेन".

१९ ऑगस्ट

दोन दिवस धो धो. गाड्या बंद. घरी बसून मास्किंग. हार्ड डिस्कची दुसरी प्रत केली.

३ सप्टेंबर

गणपतीत कोकणातली मंडळी गावाला. शूट नाही. उरलेल्यांच्या भिंतीवरचे फोटो घेतले.

जुन्या फ्रेमची एक अडचण कायम येते: ओलीने फोटो काचेला चिकटलेला असतो. सोडवायला गेलं की चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. त्यामुळे फ्रेम उघडायचीच नाही. काचेसकट, लेन्सला चकाकी मारणारा पोलरायझर लावून, दोन्ही बाजूंनी सारख्या उजेडात फोटो घ्यायचा. हार घातलेली फ्रेम मी स्वतः उतरवत नाही. घरातलं कुणीतरी उतरवतं, पुसतं, नमस्कार करून देतं. तेवढा वेळ द्यावा लागतो.

इथे फ्रेमा छताजवळ, पुढे झुकवून टांगतात. खालून सरळ फोटो घेतला तर वरची बाजू रुंद येते. दोन चित्रांत हा झुकाव मुद्दाम सरळ केला नाही. मयत माणूस वरून वाकून बघतोय असंच त्या घरातल्यांना सवयीचं आहे.

११ सप्टेंबर

एका घरी वडिलांचा एकच फोटो, जुन्या ओळखपत्रावरचा, पासपोर्ट आकाराचा. मुलगा हौशी. त्याने मोबाइलच्या अ‍ॅपमधून तो मोठा, रंगीत, चकचकीत करून आणला होता. आजींना दाखवला.

"कोण गं हा?"

"आई, बाबा आहेत."

"ह्यॅ. सिनेमातला दिसतोय कुणीतरी. आणि चामखीळ कुठे गेली?"

अ‍ॅपने डाव्या गालावरची चामखीळ डाग समजून पुसली होती आणि कानाची पाळी स्वतःच्या मनाने बनवली होती. मी मूळ फोटो २४०० डीपीआयला स्कॅन केला. इंचभर रुंदीच्या फोटोचे २४०० पिक्सेल मिळाले, म्हणजे चित्रात फोटो चांगला फूटभर रुंद करता येतो. दाणे दिसतात, अर्धा रबरी शिक्काही गळ्यावर येतो. आजींनी शिक्क्यासकट पसंत केला.

नियम नोंदवते: या प्रकल्पात चेहरा कुठल्याही एआय साधनाने मोठा करायचा नाही, नसलेला भाग भरायचा नाही. जिथे फोटो फाटलाय तिथे फाटलेलाच दिसेल.

२ ऑक्टोबर

दसरा. धम्मचक्र प्रवर्तन दिन. बौद्ध वस्तीच्या चाळींत निळे झेंडे, पांढरी लुगडी. शूट भरपूर.

पँथरमधले बाबा. दलित पँथर ही दलित तरुणांची संघटना १९७२ ची, वरळीची दंगल जानेवारी १९७४ ची. ५ तारखेची इथली सभा, दगडफेक, पुढे कितीतरी दिवस चाळीचाळींत चाललेली मारामारी. १० जानेवारीला परळच्या मोर्चात पँथरचे भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडाने गेले. हे सगळं बाबा तारीख-वारासकट सांगतात. त्यांचा त्या वर्षातला फोटो एकही नाही. "पोलिसांकडे असतील," म्हणाले आणि जोरात हसले.

मी सुचवलं, त्या काळातला मैदानाचा एखादा फोटो शोधून त्यात तुम्हाला उभं करता येईल. सरळ नकार. "मी त्या फोटोत नव्हतो. असतो तर सांगितलं असतं." मग तो भाग कसा दाखवायचा? त्यांनी कागदांतून एक कोरा तुकडा कापला, स्वतःच्या खांद्याशेजारी ठेवला. भिंतीचा पोतही नको, पांढरा नको, कागदाचाच रंग ठेव.

बाबासाहेबांचा फोटो त्यांच्या चित्रात वरच्या पट्टीत, बुद्धांच्या शेजारी. खांद्याच्या खाली कुठलाही महापुरुष येणार नाही, हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं, प्रत्येक घराने चटईवर करून दाखवलं.

२५ ऑक्टोबर

तांत्रिक, थोडक्यात. अंतिम माप २४ × ३६ इंच, २०० पीपीआय (इंचाला २०० पिक्सेल), म्हणजे लांब बाजू ७२०० पिक्सेल. कॅमेऱ्याची फाइल ६००० ची, पण कुठलाही तुकडा पूर्ण कॅनव्हास व्यापत नाही, तेव्हा पुरते. ट्यूबलाइटखालच्या तुकड्यांत हिरवट झाक, ती प्रत्येक लेयरला वेगळी काढावी लागली. कापलेल्या कडा मऊ करायच्या नाहीत, कात्री दिसू दे. सावली एकच, उजवीकडे, फिकट.

सर्वांत मोठा घोळ मापाच्या दिशेचा. मी सगळी चित्रं उभी धरली होती. नव्या इमारतीत गेलेल्या एका ताईंनी फोन केला: "आडवं करून देता येईल का? हॉलमध्ये टीव्हीच्या वर आडवीच जागा आहे." जुन्या खोलीत माळ्याखालच्या पट्टीत सगळं उभंच मावायचं. पुन्हा चटई, पुन्हा झेरॉक्स. उभ्याची आडवी मांडणी करताना ताईंनी नवऱ्याला डावीकडून उजवीकडे हलवलं आणि कारण सांगितलं नाही.

६ डिसेंबर

दादर. शिवाजी पार्कला पुस्तकांचे आणि फोटोंचे स्टॉल. गर्दीत कॅमेरा काढलाच नाही, पोस्टर बघत फिरले.

निळ्या सुटातले बाबासाहेब, बोट वर केलेला हात, हातात संविधान, मागे संसद, कोपऱ्यात चैत्यभूमी, वर अशोकचक्र, एका बाजूला रमाई. प्रत्येक तुकडा वेगळ्या फोटोतला. चेहरा कृष्णधवल फोटोचा, रंग नंतर चढवलेला. सुटाचा निळा दर स्टॉलला वेगळा. उजेडाच्या दिशा चार आणि कुणाचंही काहीही अडत नाही. लोक पोस्टर गुंडाळी करून गावाला नेतात. ग्लोबद्दल माझं मत थोडं सैल झालं आहे. फ्लेक्सवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

बाबांसाठी एक पोस्टर घेतलं. त्यांनी पाहून सांगितलं, हा निळा बरोबर आहे. पट्टीतला निळा आता तोच करते.

१४ डिसेंबर

रविवार. चाळीच्या पॅसेजमध्ये चित्रं लावली. कागदी प्रिंट घरांसाठी, पॅसेजमध्ये फ्लेक्सच. ओल आणि पानाच्या पिचकाऱ्या यांना तेच पुरून उरतं. अंधार आहे म्हणून मंडळाने गणपतीची एलईडी माळ लावून दिली.

लोक चित्रांपाशी कसे थांबले ते बघण्यासारखं होतं. आधी वरची पट्टी बघतात, मग मेन, मग खालची ओळ मोजतात. हातांच्या ओळीत बऱ्याच जणांनी आपापला हात शोधला. एका पोराने घड्याळावरून आजोबांचा ओळखला. काकांच्या धोट्यासमोर एकाने विचारलं, ही कुठल्या कंपनीची होडी? काका तासभर बोलत राहिले.

वादही झाला. एका घरात दोन भाऊ. धाकट्याचं म्हणणं, आईच्या चित्रात थोरल्याचं डोकं मोठं आहे. फ्लेक्सवाल्याने जागेवर पट्टी लावून मोजून दाखवलं. एकाच मापाचं निघालं. तरी धाकट्याचं समाधान नाही, कारण थोरला आईच्या जास्त जवळ आहे. आईने निकाल दिला: "तो जवळ राहतो म्हणून जवळ आहे. तू ये राहायला, तुलाही सरकवू."

२२ डिसेंबर

या निकालामुळे फाइलींचं धोरण बदललं. मी चित्रं फ्लॅटन करून (सगळे लेयर एकात मिसळून), सही करून, प्रिंट देऊन मोकळी होणार होते. आता लेयरसकट फाइली फ्लेक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहतील, प्रत्येक घराच्या नावाने फोल्डर. बदल हवा असेल तर घरातल्यांनी तिथे जायचं. चेहऱ्याला हात लावायचा नाही आणि उजेड डावीकडून, एवढ्या दोन अटी मी लिहून चिकटवल्या आहेत. ग्लोबद्दल काही लिहिलं नाही.

पहिली मागणी आलीच. खाणावळवाल्या आत्यांच्या नातवाला मुलगी झाली, तिचा हात ओळीत हवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय, अंगठ्याएवढा, तोही उजव्या उजेडातला. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं आहे.